मेलमधल्या दारातून आत जाऊ नका : फिशिंग मेल ओळखायची कशी, कळवायची कुठे

माझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे. आयुष्यभर गणित शिकवलं आणि घरखर्चाची वही अजूनही रोज रात्री लिहिते. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटी तिला एक मेल आली. आयकराचा १८,४६० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, पण बँक खात्याची पडताळणी न झाल्यामुळे रक्कम थांबली आहे, चोवीस तासांत पडताळणी करा. तिने आठवड्यापूर्वीच विवरणपत्र भरलं होतं, परतावा येणारच होता. तिने लिंक उघडली, डेबिट कार्डाचा नंबर भरला, फोनवर आलेला ओटीपी टाकला. खात्यातून एकेचाळीस हजार गेले.

मला तिने हे तिसऱ्या दिवशी सांगितलं. "पोरांना जन्मभर हिशेब शिकवले गं मी. कुठल्या तोंडाने सांगणार होते तुला?"

पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण मला आजही जास्त लागतात ते मधले दोन दिवस, कारण काही करता येण्यासारखं होतं ते तेव्हाच. मी एका कंपनीच्या संगणक विभागात काम करते. नव्याने रुजू होणाऱ्यांना फिशिंग मेलबद्दल, म्हणजे बँकेचं, सरकारचं किंवा ओळखीच्या माणसाचं सोंग घेऊन माहिती आणि पैसे काढून घेणाऱ्या मेलबद्दल, समजावून सांगणं हे माझं काम. त्यांना जे शिकवते तेच इथे लिहिते आहे. मेल नुकतीच वापरायला लागलेल्या कुणालाही जमेल असंच सगळं आहे.

पहिली पायरी : हात मागे घ्या

मेल नुसती उघडून वाचल्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते लिंक दाबल्यावर, सोबतची फाइल उघडल्यावर किंवा उत्तर पाठवल्यावर. त्यामुळे मेल वाचून पोटात गोळा आला किंवा हरखून जायला झालं, तर तीच थांबायची खूण समजा. खातं बंद होणार, वीज तोडणार, पार्सल परत जाणार, नोटीस निघाली आहे, परतावा आला आहे : मजकूर बदलतो, पण आत्ताच्या आत्ता काहीतरी करा, हा आग्रह बदलत नाही.

मावशी भोळी होती म्हणून फसली असं मला वाटत नाही. अशी मेल एकाच वेळी लाखोंना जाते. जुलैत त्यातले कितीतरी जण परताव्याची वाट बघत असतात, आणि ज्याची वेळ जुळते त्याला ती आपल्यासाठीच आली आहे असं वाटतं. पॅन कार्डाची व्यवस्था नव्याने उभारणाऱ्या 'पॅन २.०' प्रकल्पाला मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, बातम्या आल्या, आणि पाठोपाठ 'तुमचं नवं ई-पॅन इथून डाउनलोड करा' अशा खोट्या मेल फिरू लागल्या. फसवणारे वर्तमानपत्र आपल्याइतकंच नीट वाचतात.

नोकरीत नवे असाल तर आणखी एक सांगते. साहेबांच्या नावाने मेल येते : 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही, एक तातडीचं काम कर.' काम म्हणजे गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यांचे नंबर पाठवणं. नव्या माणसाला साहेबांची बोलायची पद्धत माहीत नसते आणि उलट विचारायची भीड वाटते, म्हणून नेमकं त्यालाच गाठतात. उठा, साहेबांच्या टेबलापाशी जा आणि विचारा. विचारल्याबद्दल रागावणारा साहेब मी तरी अजून पाहिलेला नाही.

पूर्वी आम्ही शिकवायचो की भाषा अशुद्ध असली की मेल खोटी. ते आता विसरा. यंत्राकडून सफाईदार मराठी लिहून घेणं आता कुणालाही जमतं. बोधचिन्ह, सही, शिक्का हे सगळं खऱ्या मेलमधून जसंच्या तसं उचललेलं असतं. दिसण्यावरून काहीच ठरवू नका.

दुसरी पायरी : नाव सोडा, पत्ता वाचा

मेलमध्ये पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते त्याने स्वतः टाइप केलेलं असतं. पाकिटावर मागच्या बाजूला कुणीही काहीही लिहावं, तसं. फोनवर जीमेल वापरत असाल तर नावाखाली 'टू मी' असं बारीक अक्षरांत दिसतं, त्याच्या शेजारचा बाण दाबा. पूर्ण पत्ता उघडतो. त्यातला ॲटच्या चिन्हानंतरचा भाग महत्त्वाचा, आणि तो वाचायचा उजवीकडून डावीकडे.

हे मी गावाच्या पत्त्यावरून समजावते. पारनेर तालुक्यात पुणेवाडी नावाचं गाव आहे. नावात पुणे आहे म्हणून ते पुणे जिल्ह्यात जात नाही. जिल्हा कळतो तो पत्त्याच्या शेवटी. इंटरनेटवरचा पत्ताही तसाच, खरा मालक शेवटी असतो. समजा पत्ता आहे 'माझीबँक डॉट खाते-तपासणी डॉट कॉम'. सुरुवातीला बँकेचं नाव आहे, पण ती झाली पुणेवाडी. मालक आहे 'खाते-तपासणी डॉट कॉम', म्हणजे ज्याने कुणी ते नाव विकत घेतलं तो. त्याने पुढे बँकेचं नाव लावावं, आयकर विभागाचं लावावं, त्याला कुणी अडवत नाही.

शेवटी 'डॉट कॉम' असेल तर शेवटचे दोन तुकडे धरायचे. 'डॉट को डॉट इन', 'डॉट गव्ह डॉट इन', 'डॉट बँक डॉट इन' अशी शेपटी असेल तर तीन. यातल्या दोन शेपट्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण त्या बाजारात मिळत नाहीत. 'गव्ह डॉट इन' फक्त सरकारी संस्थांना मिळते. आणि 'बँक डॉट इन' रिझर्व्ह बँकेने खास भारतातल्या बँकांसाठी राखून ठेवली आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आपली संकेतस्थळं या पत्त्यावर न्यावीत असा आदेश होता. आपल्या बँकेचा नवा पत्ता काय आहे तो एकदा पासबुकावर लिहून ठेवा.

लिंक वाचताना आणखी एक करायचं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. त्या रेघेच्या उजवीकडे काहीही लिहिता येतं. बँकेचं नाव तिथे दिसलं तर त्याला काही अर्थ नाही.

आणि अक्षरं नीट बघा. इंग्रजीत छोटे 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम'सारखे दिसतात. मोठा 'आय' आणि छोटा 'एल' तर अनेक फोनवर वेगळे ओळखूच येत नाहीत. 'ओ'च्या जागी शून्य ही तर जुनीच युक्ती.

पत्ता चुकीचा निघाला की मेल खोटी, हे नक्की. पण पत्ता बरोबर दिसला म्हणून मेल खरी, असं उलट मात्र म्हणता येत नाही. एखाद्याचं खरंखुरं खातं चोरून त्यातूनही मेल पाठवतात. लिंकच्या पानावर कुलपाचं चिन्ह दिसतं, त्याचा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस कोण, हे कुलूप सांगत नाही. चोरही आपल्या दाराला कुलूप लावतो.

तिसरी पायरी : लिंक न उघडता बघा

संगणकावर माउसचा बाण लिंकवर नुसता नेऊन ठेवा, दाबू नका. खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरलं की छोटी खिडकी उघडते, तिच्यात पत्ता वाचायचा आणि बाहेर पडायचं. पण बोट चुकून सुटेल अशी भीती वाटत असेल तर ही पायरी सोडून द्या. पुढची पायरी नीट केली तर हिच्यावाचून काही अडत नाही. मावशीला मी ही पायरी शिकवलेलीच नाही.

सोबतच्या फाइलींबद्दल थोडक्यात : जिच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत झिप, एक्झी, एपीके किंवा एचटीएमएल असं लिहिलेलं असतं, अशी न मागितलेली फाइल उघडायची नाही. एचटीएमएल फाइल उघडली की बऱ्याचदा मेलच्या लॉगिनसारखं दिसणारं पान येतं, तिथे पासवर्ड टाकला की तो चोराकडे. हल्ली पीडीएफमध्ये क्यूआर कोड घालून तो फोनवर स्कॅन करायला सांगतात. ती लिंकच आहे, फक्त चौकोनात लपवलेली.

चौथी पायरी : आपल्या दाराने जा

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. मेल खरी की खोटी हे ठरवायचं ओझं डोक्यावर घेऊच नका. मेलने जे दार दाखवलं आहे ते सोडून, आपल्या नेहमीच्या दाराने आत जाऊन बघा. बँकेचं काम असेल तर बँकेचं ॲप उघडा, किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

आयकराचं काम असेल तर 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' हा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. परतावा कुठवर आला ते तुमच्या भरलेल्या विवरणपत्रापाशीच दिसतं. नोटीस खरी असेल तर तीही तिथे सापडते. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि तो खरा आहे का हे त्याच संकेतस्थळावर, लॉगिन न करताही तपासता येतं. परतावा तुम्ही आधीच पडताळून ठेवलेल्या खात्यात जमा होतो. त्यासाठी कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी यातलं काहीही लागत नाही. मावशीला हे एक वाक्य त्या दिवशी माहीत असतं तर पुरलं असतं : पैसे यायला ओटीपी लागत नाही, तो जायला लागतो.

धंदा करणाऱ्यांसाठी मोठा धोका वेगळाच आहे. रोजच्या व्यवहारातल्या व्यापाऱ्याच्या नावाने मेल येते, आधीच्या पत्रव्यवहाराचे धागेदोरे तिच्यात असतात, आणि शेवटी एकच ओळ : 'आमचं बँक खातं बदललं आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यात पाठवा.' खातं बदलल्याची मेल आली की जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. मेलमध्ये दिलेला नंबर यासाठी चालणार नाही.

पाचवी पायरी : फसला नसलात तरी कळवा

इथे बहुतेक जण मेल पुसून टाकतात आणि मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. तुम्ही वाचलात, पण तीच मेल त्याच क्षणी दुसऱ्या कुणाच्या तरी मावशीसमोर उघडी असते. खोटी पानं फार काळ ठेवत नाहीत, काम झालं की बंद करतात. म्हणून पहिल्या तासात कळवलेलं सगळ्यात उपयोगी. पुरेशी खात्री पटली की ते पान धोक्याच्या यादीत जातं आणि पुढच्या माणसाला ब्राउझर लाल पडदा दाखवून थांबवतो.

जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून उजवीकडचे तीन ठिपके दाबा, यादीत 'रिपोर्ट फिशिंग' आहे. आउटलुकमध्ये 'रिपोर्ट' बटण असतं. ऑफिसची मेल असेल तर आधी तुमच्या संगणक विभागाला कळवा. आणि 'ही खरी आहे का रे?' असं विचारत ती मेल सहकाऱ्यांना पाठवू नका, त्यातला कुणीतरी लिंक दाबतोच.

यापुढे जाऊन, ज्या संस्थेचं नाव वापरलं आहे तिला आणि 'सर्ट-इन'ला ती पाठवा. सर्ट-इन म्हणजे देशातल्या सायबर घटनांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था. तिचा पत्ता : इन्सिडंट ॲट सर्ट-इन डॉट ऑर्ग डॉट इन. आयकराच्या नावाने आलेली मेल असेल तर : वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. दोन्ही रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायचे, 'सर्ट-इन'मधली आडवी रेघ मात्र ठेवायची.

पाठवताना एक काळजी घ्या. साधी फॉरवर्ड केली तर तपासणाऱ्याला फक्त मजकूर मिळतो. टपालाच्या पाकिटावर जसे प्रत्येक पोस्टाचे शिक्के असतात, तसे मेल कुठून कुठून फिरत आली त्याचे शिक्के तिच्या आत दडलेले असतात, त्याला हेडर म्हणतात. ते टिकवायचे तर संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या वर बटणांची जी रांग असते, तिच्यातल्या तीन ठिपक्यांत 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' आहे, ते वापरा. मूळ मेल तक्रार मिटेपर्यंत पुसू नका.

असाच प्रकार एसएमएस, व्हॉट्सॲप किंवा फोनवर झाला आणि पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर 'चक्षु' नावाची सोय आहे, तिथे कळवता येतं.

सहावी पायरी : लिंक दाबली गेली असेल तर

आधी स्वतःला दोष देणं थांबवा. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत नोकरीचा अर्ज म्हणून मेल आल्या होत्या, अर्जदाराची माहिती बघायला लिंक दाबा असं त्यात होतं. तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी ती दाबली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या बँकेच्या खात्यातून ८.१ कोटी डॉलर गेले. मध्यवर्ती बँकेत बसलेली माणसं फसू शकतात, तर तुम्हीआम्ही का नाही?

पैसे गेले असतील, किंवा कार्डाची माहिती, पिन, ओटीपी दिला असेल, तर लगेच बँकेच्या ॲपमधून किंवा फोनवरून कार्ड बंद करा आणि १९३० वर फोन लावा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आपले पैसे चोराकडे सरळ जात नाहीत, एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे उड्या मारत जातात आणि शेवटी कुठेतरी काढले जातात. १९३० वरची तक्रार त्या साखळीतल्या बँकांपर्यंत पोहोचते, आणि पैसे अजून कुठल्या खात्यात असतील तर तिथेच गोठवता येतात. काढून झाल्यावर गोठवायला काही उरत नाही. मावशीचं तेच झालं.

फोन लावण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या : आपल्या बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती रुपये गेले, कधी गेले, आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. घाबरल्यावर स्वतःचा खाते क्रमांकही आठवत नाही, मी मावशीच्या शेजारी बसून ते पाहिलं आहे. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर मेलचे, मेसेजचे फोटो जोडून तक्रार पूर्ण करा. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं. संगणकाच्या साधनाने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

बँकेला मात्र वेगळं, लेखी कळवायलाच हवं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचे नियम घालून दिले, ते असे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर नुकसान पडत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि पोच दोन्ही हातात पाहिजेत.

फक्त मेलचा पासवर्ड दिला गेला असेल तर दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून तो बदला, 'सगळीकडून बाहेर पडा' हा पर्याय निवडा आणि दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, चालू करा. मग एक जागा तपासा, जी सगळे विसरतात. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर असतात. चोर तिथे स्वतःचा पत्ता गुपचूप घालून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी तुमची प्रत्येक मेल त्याला मिळत राहते. अनोळखी पत्ता दिसला की काढून टाका. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही आजच बदला.

घरातल्या मोठ्या माणसांना हे सगळं सांगताना आवाज चढवू नका. 'अगं पण तू दिलासच कसा ओटीपी?' हे वाक्य त्या दिवशी माझ्याही ओठांवर आलं होतं. ते बोलले असते तर पुढच्या वेळी मला तिसऱ्या दिवशीही कळलं नसतं.

मावशीच्या फ्रिजवर आता दुधाच्या हिशेबाशेजारी एक कागद चिकटवला आहे. त्यावर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात १९३० लिहिलेलं आहे, खाली कार्डाच्या मागचा नंबर, आणि त्याखाली 'उजवीकडून वाचणे'. गेल्या महिन्यात दुपारी तिचा फोन आला.

"अगं, बँकेची मेल आली होती. केवायसी संपली म्हणे."

"मग?"

"उजवीकडून वाचलं. जिल्हा भलताच निघाला."

"कळवलंस का?"

"कळवलं आणि मग तुला फोन केला."